मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टची डॉक्स बिल्ड करणं आणि सांभाळणं, तेही कोकणातल्या नेटवर

ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय पण कोडला हात लावायची भीती वाटते, असं म्हणणारी पोरं रत्नागिरी-चिपळूण-कुडाळ पट्ट्यात बरीच भेटतात, आणि त्यांना कोणीतरी हमखास सांगितलेलं असतं की डॉक्सपासून, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांपासून, सुरुवात कर, सोपं असतं. सोपं-बिपं काही नसतं. चुकलं तर कोणाचा सर्व्हर पडत नाही, एवढाच काय तो फरक. आणि नवीन पान लिहिणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, खरं काम म्हणजे आधीच असलेली शेकडो पानं खोटी पडू न देणं. कोड पुढे जातो, पान तिथेच राहतं, आणि वाचणारा बिचारा स्वतःलाच मूर्ख समजत बसतो.

उदाहरणं तीन प्रोजेक्टची घेतो: पायथन, लिनक्स कर्नल आणि क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर). कारण तिघांचीही डॉक्स स्फिंक्सवर चालतात, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींवरून वेबपानं बनवणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) साधनावर. स्फिंक्स हे गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या डॉक्ससाठीच लिहिलं, २००८ मध्ये बाहेर आलं, त्याआधी पायथनची डॉक्स लाटेक या मजकूर मांडायच्या पद्धतीत होती. कर्नलवाले २०१६ मध्ये डॉकबुक ही आधीची पद्धत सोडून इकडे आले. म्हणजे एकदा शिकलात की तिन्हीकडे चालतं. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची, डॅश आणि स्पेस सांभाळून.

आधी ठरवा, हात कुठे घालायचा

जे तुम्ही स्वतः वापरता तेच घ्या. खाडीकाठच्या गावांचे किंवा बागायतीचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये करत असाल तर क्यूजीआयएस घ्या, उगाच नाव मोठं म्हणून कर्नलच्या मागे लागू नका. वापरणाऱ्यालाच कळतं की वाचणारा नक्की कुठे अडकतो.

मग बघा डॉक्स राहतात कुठे. पायथनमध्ये कोडच्याच रेपोत (सगळ्या फाइली इतिहासासकट ठेवलेल्या साठ्यात) डॉक नावाचा फोल्डर आहे, कर्नलमध्येही डॉक्युमेंटेशन नावाचा फोल्डर आतच आहे, क्यूजीआयएसची डॉक्स मात्र वेगळ्या रेपोत आहेत. ही बारीकशी गोष्ट वाटते पण सगळं गणित यावर बदलतं. एकाच रेपोत असेल तर कोड बदलणाऱ्यालाच "डॉक्स कुठायत?" असं रिव्ह्यूत, म्हणजे बदल तपासताना, विचारता येतं. वेगळी रेपो असेल तर डॉक्स कायम मागे असतात, आणि कोणीतरी मागून जाऊन ते अंतर भरून काढायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. तिथे नवीन फीचरच्या नावाने उघडलेले इश्यू, म्हणजे करायच्या कामाच्या नोंदी, पडलेल्या असतात, कामाला तोटा नाही.

आणि हो, पाठवायची पद्धत आधीच वाचून ठेवा. पायथनला गिटहबवर पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) चालतो पण सीएलए (योगदानाच्या हक्कांचा करार) सही करावा लागतो. कर्नलला पीआर चालत नाही, गिट सेंड-ईमेलने पॅच (बदलांची फाइल) पाठवायचा आणि खाली साइन्ड-ऑफ-बायची, म्हणजे हा बदल द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी नावानिशी हमी देणारी, ओळ हवीच. दोन दिवस खपून काम केल्यावर हे कळलं तर वैताग येतो.

रेपो उतरवताना डेटा वाचवा

सीपायथनची (पायथनच्या मुख्य कोडची) पूर्ण रेपो म्हणजे जुन्या इतिहासासकट शेकडो एमबी, कर्नल तर जीबीमध्ये. राजापूरच्या किंवा दोडामार्गच्या आतल्या एखाद्या वाडीत मोबाईल हॉटस्पॉटवर हे उतरवायला बसलात आणि मध्येच रेंज गेली तर गिट क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) जिथून तुटलं तिथून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून.

एक उपाय म्हणजे डॅश-डॅश-डेप्थ १ लावून क्लोन करणं, फक्त आत्ताची अवस्था येते, पटकन होतं. पण मग गिट ब्लेम कामाचं राहत नाही, आणि डॉक्स सांभाळणाऱ्याला ब्लेम लागतंच, एखादं वाक्य विचित्र वाटलं तर ते कोणी, कधी, कुठल्या बदलाबरोबर घातलं हे बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये. म्हणून मला डॅश-डॅश-फिल्टर इक्वल टू ब्लॉब कोलन नन हा प्रकार जास्त आवडतो: कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास सगळा येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा ओढला जातो. ब्लेम बघताना तेवढं नेट हवं, बस.

कॉलेजमधली आठ-दहा जणं एकत्र बसणार असतील तर प्रत्येकाने वेगळं क्लोन करणं हा वेडेपणा आहे. एकाने चांगल्या नेटवर पूर्ण क्लोन करायचं, गिट बंडल क्रिएटने त्याची एकच फाइल बनवायची, ती पेनड्राइव्हवर फिरवायची. बाकीच्यांनी त्या फाइलवरूनच गिट क्लोन करायचं आणि मग गिट रिमोट सेट-यूआरएलने ओरिजिन खऱ्या पत्त्याकडे वळवायचं. पायथन पॅकेजेसचंही तसंच: पिप डाउनलोड डॅश-आर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी डॅश-डी व्हील्स, हा व्हील्स फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि समोरच्या लॅपटॉपवर पिप इन्स्टॉल करताना डॅश-डॅश-नो-इंडेक्स आणि डॅश-डॅश-फाइंड-लिंक्स व्हील्स लावा. नेट न वापरता सगळं बसतं. फक्त ज्या मशीनवर डाउनलोड केलंय तिथली ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती बाकीच्यांसारखीच असली पाहिजे, विंडोजवर उतरवलेलं लिनक्सवर चालेलच असं नाही.

पहिली बिल्ड काहीही न बदलता करा

पायथनसाठी डॉक फोल्डरमध्ये जाऊन मेक व्हीएन्व्ह, मग मेक एचटीएमएल. पानं बिल्ड फोल्डरच्या आत एचटीएमएलमध्ये तयार होतात, मेक एचटीएमएलव्ह्यू म्हटलं तर ब्राउझरच उघडतो. विंडोजवर त्याच फोल्डरमध्ये मेक डॉट बॅट आहे. कर्नलसाठी रेपोच्या मुळाशी उभं राहून मेक एचटीएमएलडॉक्स, त्याआधी स्फिंक्स-प्री-इन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट आहे ती तुमच्या मशीनवर काय काय कमी आहे ते सांगते. पण कर्नलची सगळी डॉक्स एकदम बिल्ड करायला घेऊ नका, जुन्या लॅपटॉपचा पंखा बोंबलतो आणि लाइट गेलेली असेल तर बॅटरी तिथेच संपते. स्फिंक्सडिर्स हे व्हेरिएबल देऊन तुमच्या कामाचा एकच उपफोल्डर बिल्ड करता येतो.

काहीही न बदलता का? कारण मोठ्या प्रोजेक्टमध्ये आधीपासूनच काही वॉर्निंग असतात. त्या कुठल्या हे माहीत नसेल तर नंतर तुमची कुठली आणि आधीची कुठली हे कळणार नाही. स्फिंक्सऑप्ट्समध्ये (स्फिंक्सला पर्याय द्यायचं व्हेरिएबल) छोट्या लिपीतला डॅश-डब्ल्यू आणि फाइलचं नाव दिलं की सगळ्या वॉर्निंग त्या फाइलीत जातात. ही "आधीची" फाइल जपून ठेवा. बदल केल्यावर पुन्हा दुसऱ्या फाइलीत घ्या, दोन्हींचा डिफ (फरक) काढा. कॅपिटल डॅश-डब्ल्यू हा वेगळा प्राणी आहे, तो प्रत्येक वॉर्निंगला एररच मानतो आणि बिल्ड नापास करतो. बऱ्याच प्रोजेक्टच्या सीआयवर (बदल आला की आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) तोच लावलेला असतो, म्हणून घरी हिरवं आणि तिथे लाल असा प्रकार होतो.

वॉर्निंग वाचायला शिका, बाकी सगळं आपोआप येतं

चिपळूणचा एक पोरगा परवा म्हणाला, "दादा, बिल्ड सक्सीडेड आलं की, मग ते लाल कशाला वाचायचं?" त्या ओळीत पुढे स्वल्पविराम होता आणि "३ वॉर्निंग्ज" असं लिहिलेलं होतं. आम्ही त्या तिन्ही उघडल्या.

पहिली होती "अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन". याने यादीच्या आत यादी घातली होती आणि मध्ये रिकामी ओळ सोडली नव्हती. आरएसटीला, म्हणजे स्फिंक्सची पानं ज्या खुणांच्या पद्धतीत लिहितात तिला, मोकळी जागा लागते, मार्कडाउन या दुसऱ्या पद्धतीसारखं चालवून घेत नाही. आणि स्फिंक्स जो ओळ क्रमांक दाखवतो तो त्याला जिथे ठेच लागली तिथला असतो, दगड बहुतेक वेळा एक-दोन ओळी वर असतो, त्यामुळे तीच ओळ बघत बसू नका.

दुसरी "अनडिफाइन्ड लेबल". दुसऱ्या पानाकडे रेफने (लेबलच्या नावावरून लिंक देणारी खूण) लिंक दिली होती पण लेबलच्या नावात हायफनऐवजी अंडरस्कोर पडला होता. पान दिसायला छान दिसतं, लिंकच्या जागी नुसताच मजकूर येतो, वाचणाऱ्याला कळतही नाही की इथे काही क्लिक करायचं होतं.

तिसरी "डॉक्युमेंट इजन्ट इन्क्लुडेड इन एनी टॉकट्री". नवीन पान लिहिलं पण कुठल्याच टॉकट्रीत (पानांच्या अनुक्रमणिकेत) त्याचं नाव घातलं नाही. घर बांधलं पण घरापर्यंत जायला पाखाडीच नाही, तसं. सर्चमधून कोणी पोचलं तर पोचलं.

आणखी एक, जिच्याबद्दल वॉर्निंग येतच नाही: मार्कडाउनच्या सवयीने कोडच्या नावाभोवती एकच बॅकटिक टाकणं. आरएसटीत दोन लागतात. एक टाकला की बहुतेक ठिकाणी ते नुसतं तिरकं दिसतं, आणि रिव्ह्यू करणारा मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. यासाठी स्फिंक्स-लिंट हे अशा चुका शोधणारं साधन आहे, पायथनमध्ये मेक चेक केलं की तेच चालतं.

आणि पाठवायच्या आधी एकदा मेक क्लीन करून पूर्ण बिल्ड करा. रोजच्या कामात स्फिंक्स फक्त बदललेली पानं पुन्हा बनवतो, त्यामुळे डाव्या बाजूचा मेनू बाकीच्या पानांवर जुनाच राहतो आणि तुम्हाला वाटतं काहीतरी बिघडलंय.

नेट नसताना: मेक क्लीनला हात लावू नका

वरचा सल्ला जून-जुलैत जरा उलटा करायचा. कारण इंटरस्फिंक्स. बऱ्याच प्रोजेक्टची डॉक्स दुसऱ्या प्रोजेक्टच्या पानांकडे लिंक देतात, त्यासाठी स्फिंक्स बिल्डच्या वेळी समोरच्या साइटवरून ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही नावाची यादी ओढतो. ही यादी तो कॅशमध्ये ठेवतो, काही सांगितलं नसेल तर पाच दिवस. मेक क्लीन केलंत की कॅशही गेली, आणि नेमकी तेव्हाच वीज जाऊन टॉवर बंद पडलेला असेल तर बिल्ड "इन्व्हेंटरी मिळत नाही" म्हणून कुरकुर करते, आणि कॅपिटल डॅश-डब्ल्यू लावलेला असेल तर मरतेच.

उपाय साधा आहे. नेट असताना ती यादी उतरवून ठेवा, आणि कॉन्फ डॉट पीवाय या स्फिंक्सच्या सेटिंगच्या फाइलीत इंटरस्फिंक्स मॅपिंगमध्ये पत्त्यापुढे नन आणि तुमच्या फाइलचा पाथ असे दोन्ही द्या. मग स्फिंक्स आधी ऑनलाइन बघतो, नाही मिळालं तर तुमच्या फाइलवर येतो. फक्त हा बदल कमिट करू नका, तो तुमच्या अंगणातला आहे.

खोटं पडलेलं पान शोधायचं कसं

इथे लोक चुकीच्या टोकाला जातात, व्याकरणाच्या चुका शोधत बसतात. एखादा स्वल्पविराम सुधारणारे पीआर मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) नको असतात, त्याचा रिव्ह्यूचा वेळ जातो आणि वाचणाऱ्याला काही मिळत नाही. त्यापेक्षा रिलीज नोट्स उघडा आणि काय काय काढलं, काय बदललं ते बघत डॉक्समध्ये त्या नावांचा शोध घ्या.

खरं उदाहरण घ्या. पायथन ३.१२, ऑक्टोबर २०२३. त्यात डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल स्टँडर्ड लायब्ररीतून काढून टाकलं, आणि डेटटाइमचं यूटीसीनाऊ हे फंक्शन डेप्रिकेट केलं, म्हणजे आता वापरू नका असं जाहीर केलं. आता पायथनवर चालणारा कुठलाही मोठा प्रोजेक्ट घ्या आणि त्याच्या डॉक्सच्या फोल्डरमध्ये गिट ग्रेप डॅश-एन यूटीसीनाऊ मारा. सापडलं तर लगेच बदलायला धावू नका. आधी बघा की तो प्रोजेक्ट पायथनच्या कुठल्या जुन्या आवृत्तीपर्यंत सपोर्ट देतो, मग बघा उदाहरणात टाइमझोन नसलेली वेळ मुद्दाम वापरलीय का, कारण यूटीसीनाऊ टाइमझोन न लावलेली वेळ देतं आणि त्याच्या जागी सुचवलेलं नाऊ, टाइमझोन डॉट यूटीसी देऊन, टाइमझोन लावलेली वेळ देतं. दोन्हींतली आधीची कुठली असं तपासलं तर पायथन एरर देतो. म्हणजे एका जागी बदललं आणि खालच्या चार ओळींमध्ये नाही, तर तुम्ही चालणारं उदाहरण मोडून ठेवलंत. शेवटी ते उदाहरण स्वतः चालवून बघा. न चालवलेलं उदाहरण पाठवू नये, हा एकच नियम मी पोरांवर सक्तीने लादतो.

चालवायचं काम मशीनवरही टाकता येतं. स्फिंक्सचा डॉकटेस्ट बिल्डर तीन मोठी-पेक्षा-चिन्हं असलेली उदाहरणं चालवून आउटपुट जुळतं का बघतो. मोठी उदाहरणं असतील तर ती वेगळ्या फाइलीत ठेवून लिटरलइन्क्लुडने पानात ओढायची, म्हणजे ती फाइल टेस्टमध्येही चालते आणि पानातही दिसते. लिंकचेक बिल्डर बाहेरच्या सगळ्या लिंक तपासतो, पण तो आपल्या नेटवर चालवू नका, टाइमआउटमुळे चांगल्या लिंकही मेलेल्या दाखवतो आणि तुम्ही त्या काढून टाकाल. तो सीआयवर आठवड्याला एकदा चालू दे, आणि तिथेही एखादी लिंक सलग दोन-तीन वेळा मेलेली दिसली तरच हात लावा.

स्क्रीनशॉट हा आणखी एक रडका विषय, क्यूजीआयएससारख्या प्रोजेक्टमध्ये तर फारच. बटणाची जागा बदलली की चित्र खोटं. जिथे दोन वाक्यांत सांगता येतं तिथे चित्र नकोच.

आवृत्त्यांचं भान

वाचणारा कुठल्या आवृत्तीवर बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून वागणूक बदलली की जुनं वाक्य नुसतं खोडू नका, व्हर्जनचेंज्ड किंवा डेप्रिकेटेड हे डायरेक्टिव्ह (आरएसटीतली खास खूण) घालून कुठल्या आवृत्तीपासून ते सांगा. पायथनमध्ये बदल आधी मेन ब्रांचवर (चालू कामाच्या शाखेवर) जातो आणि मग पीआरला लेबल लावून जुन्या आवृत्तीच्या ब्रांचवर बॅकपोर्ट होतो, म्हणजे तिथेही घातला जातो, तुम्ही थेट जुन्या ब्रांचवर पीआर उघडू नका.

पान हलवणं आणि उडवणं

पानाची जागा बदलली की बाहेरच्या लोकांनी दिलेल्या सगळ्या लिंक मरतात. म्हणून दोन गोष्टी: आतल्या लिंक कधीही फाइलच्या पत्त्याने न देता लेबलने द्या, आणि फाइल हलवलीत तर रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोय) त्याच पीआरमध्ये टाका, "नंतर टाकतो" म्हटलेला रिडायरेक्ट कोणी टाकत नाही. पान उडवायचं असेल तर आधी गिट ग्रेपने त्याच्याकडे कोण कोण बोट दाखवतंय ते काढा, कोडमधल्या कमेंट आणि एरर मेसेजसुद्धा. कर्नलमध्ये मेक रेफचेकडॉक्स आहे, ते अशा निराधार उल्लेखांची यादी देतं.

आणि उडवायला घाबरू नका. दोन पानं तेच सांगत असतील तर त्यातलं एक दोन वर्षांत खोटं होणारच.

मराठीत आणायचं असेल तर

स्फिंक्सचा गेटटेक्स्ट बिल्डर सगळा मजकूर पॉट फाइलींमध्ये काढतो, त्यावरून भाषेच्या पीओ फाइली, म्हणजे भाषांतर लिहायच्या फाइली, बनतात. पायथनच्या भाषांतरांची रीत २०१७ च्या पेप ५४५ या पायथनच्या अधिकृत प्रस्तावात ठरली. तिथे भाषा निवडायच्या मेनूत नाव यायला आधी पूर्ण ट्युटोरियल, बिल्टइन फंक्शन्सचं पान आणि बग कळवायचं पान एवढं तरी झालेलं लागतं, त्यामुळे इकडचं एक पान तिकडचं एक असं करू नका, त्या यादीतूनच चला. भाषांतरात रेफ, फंक सारखे रोल (लिंक देणाऱ्या खुणा) जसेच्या तसे राहिले पाहिजेत, एक जरी सुटला की "इनकन्सिस्टंट रेफरन्सेस" अशी वॉर्निंग येते. मूळ वाक्य बदललं की आपलं वाक्य फझी होतं, म्हणजे पुन्हा तपासायला हवं अशी खूण लागते, आणि पानावर पुन्हा इंग्रजी दिसायला लागतं. म्हणजे भाषांतर एकदा करून मोकळं होता येत नाही, दर रिलीजला फझी झालेली वाक्यं कोणीतरी बघायलाच लागतात. पाच जणं मिळाल्याशिवाय सुरू करू नका असं माझं मत आहे, एकट्याचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो.

पीआर आणि त्यानंतरची वाट बघणी

एका पीआरमध्ये एकच गोष्ट. वर्णनात तीन ओळी पुरतात: पानावर काय लिहिलंय, खरं काय आहे, ते खरं आहे हे कशावरून, म्हणजे कोडची ओळ किंवा चालवून आलेलं आउटपुट. ही तिसरी ओळ असली की रिव्ह्यू करणाऱ्याचं अर्धं काम होतं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली चार पॅरेग्राफची वर्णनं बघून मेंटेनर आता वैतागलेत, ते टाळा.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा सभ्यपणे आठवण करा, रोज नको. मधल्या वेळात दुसऱ्या कोणाचा डॉक्सचा पीआर उतरवून बिल्ड करा आणि "बिल्ड झाली, अमुक लिंक मोडतेय" एवढं लिहा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि मेंटेनरना तुमचं नाव यातूनच लक्षात राहतं.

वेळापत्रक

पायथनची नवीन आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते, पहिली बीटा (चाचणीची आवृत्ती) मेमध्ये. बीटा आली की नवीन फीचर बंद, म्हणजे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून झाल्या आणि चाकरमानी परत गेले की जून ते ऑगस्ट हा डॉक्ससाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ: पायाखालचा कोड हलत नाही आणि पाऊस घराबाहेर पडू देत नाही. या काळात "नवीन काय" हे पान घ्या, त्यातली एकेक नोंद आणि त्या मॉड्यूलचं पान शेजारी शेजारी उघडून जुळवा. आरसीचा, म्हणजे रिलीजआधीच्या शेवटच्या चाचणी आवृत्त्यांचा, काळ गणपतीच्या आगेमागे येतो, तेव्हा इथे कोणी लॅपटॉप उघडणार नाही हे गृहीत धरून अर्धवट पीआर ऑगस्टच्या सुरुवातीलाच एकतर पूर्ण करा, नाहीतर त्यावर स्पष्ट लिहा की पुढचं काम दुसऱ्या कोणी घेतलं तरी चालेल.